गोळीविना झोप: मेंदूचे प्रशिक्षण आणि दीर्घकालीन निद्रानाश
(जनजागृतीपर व्याख्यानाचा मजकूर, नागरिकांच्या माहितीसाठी)



हे पत्रक हाती घेऊन वाचणाऱ्यांपैकी काहींना काल रात्रीही झोप लागली नसेल. झोपेचे महत्त्व त्यांना पटवून देण्याची गरज नाही. ते त्यांना इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक आहे. म्हणून त्या विषयावर मी एकही वाक्य खर्च करणार नाही. आज बोलायचे आहे ते एका उपचाराविषयी. गोळी न घेता, मेंदूलाच शिकवून झोप परत आणता येते, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. त्याचे नाव न्यूरोफीडबॅक. आपण त्याला मेंदूचे प्रतिसाद-प्रशिक्षण म्हणू.

काही वर्षांपूर्वी माझ्या बाह्यरुग्ण विभागात एक गृहस्थ आले होते. वय ५२, बँकेत रोखपाल. सहा वर्षे ते रोज रात्री अल्प्राझोलामची गोळी घेत होते. आरंभी अर्धी, पुढे एक, नंतर दोन. कोणीतरी त्यांना या प्रशिक्षणाची माहिती दिली. त्यांनी तीस सत्रांचे शुल्क आगाऊ भरले आणि आता औषधाचे काम उरले नाही असे मनाशी ठरवून पहिल्या सत्राच्या दिवशीच गोळी बंद केली. चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नी त्यांना घेऊन माझ्यासमोर बसल्या होत्या. हात थरथरत होते, अंगाला दरदरून घाम सुटला होता, तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. आपण कोणती औषधे घेता, हा प्रश्न त्या प्रशिक्षण केंद्रात त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

या वर्गातील गोळ्या दीर्घकाळ घेऊन एकाएकी थांबविल्यास केवळ झोप उडत नाही, तर काही रुग्णांना फेफऱ्यासारखा झटकाही येऊ शकतो. या गृहस्थांना तो आला नाही. आम्ही त्यांची गोळी पूर्वीच्या मात्रेत पुन्हा सुरू केली आणि मग शांतपणे बोलायला बसलो. त्या दिवशी त्यांनी मला जे प्रश्न विचारले, त्यांचीच उत्तरे मी आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

त्यांचा पहिला प्रश्न साधा होता. त्या यंत्रातून डोक्यात वीज सोडतात का?

नाही. हा गैरसमज प्रथम दूर करू. या प्रशिक्षणात मेंदूला कोणताही विद्युतप्रवाह दिला जात नाही. मेंदूतील पेशींच्या कार्यातून अत्यंत सूक्ष्म विद्युतलहरी निर्माण होत असतात. जर्मनीतील हान्स बर्गर या वैद्यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या अशा लहरी प्रथम टिपल्या. आज ज्याला आपण ईईजी म्हणतो, ती हीच तपासणी. प्रशिक्षणाच्या वेळी डोक्याच्या मध्यभागी आणि कानांच्या पाळ्यांवर लेप लावून छोट्या धातूच्या चकत्या बसवितात. त्या केवळ ऐकण्याचे काम करतात. संगणक त्या लहरींतून एखादी ठरावीक लय वेगळी काढतो आणि तिची वाढ-घट आपल्याला पडद्यावर किंवा आवाजातून कळवितो. हवी ती लय वाढली की चित्र उजळते, सूर मधुर होतो, खेळातले विमान वर चढते. लय कमी झाली की ते थांबते. हे करण्याची युक्ती कोणीही शिकवीत नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न करताना मेंदू ती आपोआप साधतो, अशी कल्पना आहे. एक सत्र साधारण अर्धा ते पाऊण तास चालते. आठवड्यातून दोन-तीन सत्रे आणि एकूण वीस-तीस किंवा अधिक, असा सर्वसाधारण क्रम असतो.

या कल्पनेचा उगम मांजरांमध्ये आहे, आणि तो इतिहास मोठा रंजक आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे बॅरी स्टर्मन नावाचे संशोधक मांजरांच्या मेंदूच्या लहरींचा अभ्यास करीत होते. खाद्य मिळण्याची वाट पाहणारे मांजर अंगाने अगदी निश्चल, पण मनाने सावध असते. त्या क्षणी त्याच्या मेंदूतील हालचालींशी संबंधित भागावर दर सेकंदाला सुमारे बारा ते पंधरा आवर्तनांची एक स्पष्ट लय उमटते, हे त्यांच्या लक्षात आले. ही लय उमटली की खाद्य द्यायचे, असा नियम केल्यावर मांजरे ती लय मुद्दाम निर्माण करायला शिकली. पुढे, अग्निबाणाच्या इंधनात वापरल्या जाणाऱ्या एका विषारी द्रव्याचे प्रयोग चालू असताना असे दिसले की, ज्या मांजरांना हे शिक्षण मिळाले होते त्यांना त्या द्रव्यामुळे येणारे झटके उशिरा येतात. आणि झोपेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे, १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जागेपणी शिकविलेल्या या लयीचा परिणाम मांजरांच्या झोपेतही दिसला. झोपेच्या हलक्या टप्प्यात मेंदूमध्ये जवळपास याच गतीच्या लहरींचे छोटे झुबके उमटतात, ते वाढले.

म्हणजे जागेपणी शरीर स्थिर ठेवण्याची लय शिकली, तर रात्रीची झोपही स्थिर होईल. तर्क सुंदर आहे. मलाही तो प्रथम वाचला तेव्हा फार आवडला होता. परंतु सुंदर तर्क आणि सिद्ध उपचार यांच्यामध्ये माणसांवरील परीक्षेचा एक लांबचा रस्ता असतो.

तो रस्ता कसा गेला ते पाहू. १९८१ मध्ये पीटर हौरी यांनी निद्रानाशाच्या रुग्णांवर अशा प्रशिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांना सरसकट लाभ झाला, असे त्यात आढळले नाही. मात्र ज्यांच्या मनावर व शरीरावर ताण होता त्यांना शिथिलता आणणारे प्रशिक्षण, आणि जे मुळात तणावमुक्त होते पण झोपू शकत नव्हते त्यांना स्टर्मन यांच्या लयीचे प्रशिक्षण, अशी योग्य जोडी जेथे जुळली तेथे झोप सुधारली. ही नोंद आशादायक होती. त्यानंतर बराच काळ लहान लहान अभ्यास होत राहिले आणि त्यांतील अनेकांचे निष्कर्ष अनुकूल होते. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथील विद्यापीठाच्या एका गटाला २०१४ मध्ये चांगले परिणाम मिळाले. मग त्याच गटाने अधिक कठोर परीक्षा घेतली. प्रत्येक रुग्णाला काही सत्रे खऱ्या प्रशिक्षणाची आणि काही सत्रे दिखाऊ प्रशिक्षणाची दिली. दिखाऊ सत्रांत पडद्यावरील चित्र त्याच्या स्वतःच्या झोपेशी संबंधित लयीप्रमाणे हलत नव्हते, आणि आज आपल्याला कोणते प्रशिक्षण मिळत आहे हे रुग्णाला ठाऊक नव्हते. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांनी सांगितले की त्यांना बरे वाटते, झोप सुधारली आहे. पण खऱ्या आणि दिखाऊ प्रशिक्षणानंतर ते सारखेच बरे वाटले. रात्रीच्या ईईजीमध्ये झोपेत मोजता येण्याजोगा बदल आढळला नाही.

स्वतःच्याच आधीच्या निष्कर्षाला छेद देणारा निकाल एखाद्या गटाने प्रामाणिकपणे छापावा, हे मला विशेष मोलाचे वाटते. अशा गोष्टी जाहिरातीत येत नाहीत.

मग ज्यांना लाभ झाला ते खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. आठवड्यातून तीन वेळा कोणीतरी आपली नीट विचारपूस करतो, पाऊण तास मोबाईल बाजूला ठेवून आपण शांत बसतो, आपल्या दुखण्यावर काही उपाय चालू आहे असा विश्वास वाटतो. निद्रानाशात या साऱ्याला किंमत आहे, कारण आज तरी झोप येईल का, ही धास्तीच झोपेला दूर ठेवते. धास्ती कमी झाली की झोप थोडी जवळ येते. प्रश्न एवढाच आहे की हे सारे मिळविण्यासाठी संगणक, चकत्या आणि सत्रांचे शुल्क आवश्यक आहे काय. आज उपलब्ध असलेल्या पुराव्यांवरून या प्रश्नाचे उत्तर होय असे देता येत नाही. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०२१ मध्ये औषधविरहित उपचारांविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले, तेव्हा या प्रकारच्या प्रतिसाद-प्रशिक्षणाची शिफारस केली नाही आणि त्यास विरोधही केला नाही. पुरावा अपुरा आहे, एवढेच म्हटले.

प्रशिक्षणाने सहसा मोठी हानी होत नाही. काहींना त्यानंतर डोके दुखते, थकवा किंवा चिडचिड जाणवते, लेपामुळे त्वचेला खाज सुटते. खरी हानी होते ती आडमार्गाने: गोळी अचानक थांबविण्याने, मूळ आजार तसाच राहून जाण्याने, आणि घरातला पैसा संपल्यामुळे पुढच्या उपचाराची उमेद संपण्याने.

रोखपाल गृहस्थांचा दुसरा प्रश्न होता, मग गोळीशिवाय दुसरे काहीच नाही का?

आहे, आणि त्याचा पुरावा भक्कम आहे. निद्रानाशासाठीची विचार-वर्तन उपचारपद्धती, संक्षेपाने सीबीटी-आय, ही दीर्घकालीन निद्रानाश असलेल्या सर्व प्रौढांना पहिला उपचार म्हणून द्यावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. युरोपातील मार्गदर्शक तत्त्वेही तेच सांगतात. ही पद्धती साधारण चार ते आठ भेटींत शिकता येते. तिला यंत्र लागत नाही. वही, पेन्सिल आणि एक घड्याळ लागते.

आता थोडे थांबून हा दीर्घकालीन निद्रानाश म्हणजे काय ते सांगतो. झोपायला पुरेसा वेळ आणि जागा असूनही आठवड्यातून किमान तीन रात्री झोप लागत नाही, मध्येच मोडते किंवा पहाटे फार लवकर जाग येते. हे किमान तीन महिने चालू आहे. आणि त्याचा दिवसाच्या कामावर, मनावर परिणाम होत आहे. लग्नघरातील चार रात्री किंवा परीक्षेचा आठवडा यात मोडत नाही. पाच तास झोपून दिवसभर ताजेतवाने राहणाऱ्यालाही निद्रानाश नसतो.

आमच्या या रुग्णाने दोन आठवडे झोपेची नोंद ठेवली. ती पाहिल्यावर त्यांनाच आश्चर्य वाटले. ते रात्री साडेनऊला अंथरुणावर पडत आणि सकाळी साडेसहाला उठत. म्हणजे नऊ तास अंथरुणात. त्यांपैकी झोप सरासरी साडेपाच तास. उरलेले साडेतीन तास ते छताकडे पाहत, कुशी बदलत, उद्याच्या रोखीचा हिशेब चुकेल या चिंतेत घालवीत होते. थकव्यामुळे लवकर आडवे व्हावे, अधिक वेळ पडून राहावे, म्हणजे थोडी तरी भर पडेल, हे आपल्या सर्वांनाच स्वाभाविक वाटते. पण त्यामुळे झोप वाढत नाही, पातळ होते. शरीराला हळूहळू एक चुकीचा धडा मिळतो की अंथरूण ही जागण्याची आणि काळजी करण्याची जागा आहे.

हा धडा पुसण्यासाठी दोन नियम आहेत. अंथरुणावर पडल्यावर सुमारे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठायचे, मंद प्रकाशात काहीतरी निरुपद्रवी करायचे आणि डोळे जड झाल्यावरच परत यायचे. हा नियम रिचर्ड बूट्झिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडला. वेळ पाहण्यासाठी घड्याळाकडे टक लावू नये; अंदाज पुरेसा आहे. मूळ सल्ल्यात दुसऱ्या खोलीत जावे असे म्हटले आहे. आपल्याकडे असंख्य घरांत दुसरी खोली नसते, हे मला माहीत आहे. एका खोलीत पाच माणसे झोपली असतील तर अंथरूण सोडून भिंतीला टेकून बसावे, उंबऱ्यापाशी बसावे, वाती वळाव्यात, जपमाळ ओढावी. महत्त्व खोलीला नाही. झोप नसताना अंथरूण सोडण्याला आहे.

दुसरा नियम अधिक कठीण आहे. अंथरुणातील वेळ प्रत्यक्ष झोपेएवढाच ठेवायचा. आमच्या रुग्णासाठी आम्ही रात्री बारा ते पहाटे साडेपाच अशी वेळ ठरविली. उठण्याची वेळ पक्की. रविवारी आणि सणालाही तीच. दुपारची वामकुक्षी बंद. पहिले दहा-बारा दिवस हा उपचार शिक्षेसारखा वाटतो, हे मी लपवीत नाही. त्यांच्या पत्नींनी दुसऱ्या आठवड्यात मला रागाने विचारले होते, "डॉक्टरसाहेब, आधीच न झोपणाऱ्या माणसाला तुम्ही आणखी जागवता?" परंतु तिसऱ्या आठवड्यात त्या साडेपाच तासांतील जवळजवळ सर्व वेळ ते झोपू लागले. मग दर आठवड्याला पंधरा-पंधरा मिनिटे वाढवीत आम्ही सव्वासहा तासांपर्यंत पोहोचलो. अंथरुणातील वेळ पाच तासांच्या खाली कधीही आणू नये. वाहन चालविणारे, यंत्रावर किंवा उंचावर काम करणारे, फेफऱ्याचा अथवा मनोदशेच्या टोकाच्या चढउतारांचा आजार असलेले, यांनी हा नियम स्वतःहून मुळीच अंमलात आणू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच त्याचा विचार व्हावा.

चहा, तंबाखू, मिश्री आणि मद्य यांविषयी आपण पुष्कळ ऐकले असेल. दुपारनंतरचा चहा आणि रात्रीची मिश्री झोप उडवितात, मद्य आरंभी गुंगी आणून उत्तररात्री झोप मोडते. हे टाळावेच. पण केवळ एवढ्याने जुना निद्रानाश सहसा बरा होत नाही, आणि तसे न झाल्यास आपण स्वतःला दोष देऊ नये.

कोणताही उपचार, प्रशिक्षण असो वा सीबीटी-आय, आरंभ करण्यापूर्वी एक तपासणी मात्र आवश्यक आहे, कारण निद्रानाशाच्या वेषात दुसरे आजार येतात. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकल्यासारखा होणे आणि दिवसा बसल्या जागी पेंग येणे ही झोपेतील श्वासरोधाची चिन्हे असू शकतात. झोपताना पायांत वळवळ होऊन ते सतत हलवावेसे वाटत असतील, तर त्यामागे शरीरातील लोहाची कमतरता असू शकते. आपल्या देशात, विशेषतः स्त्रियांमध्ये, ती किती आढळते हे निराळे सांगायला नको. अशा भगिनीला वर्षभर झोपेच्या गोळ्या दिल्या जातात आणि रक्ताची तपासणी कोणी करीत नाही, हे मी पाहिले आहे. थायरॉइड, दमा, मधुमेहामुळे रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठणे, आणि उदासीनतेचा आजार, हे सारे डॉक्टरांनी तपासायला हवे. जगणे नकोसे वाटत असेल तर थांबू नये. त्याच दिवशी मदत मागावी.

गोळ्यांविषयी. त्या वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. थोड्या दिवसांसाठी, कारण पाहून, डॉक्टरांनी दिल्यास त्यांचा उपयोग आहे. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्या औषध नियमांच्या एच-१ अनुसूचीत आहेत. त्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रेत्याला त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जपावी लागते. शेजाऱ्यांकडील उरलेली पट्टी हा त्या नियमातून काढलेला मार्ग नव्हे. आणि जी गोळी काही आठवड्यांपेक्षा अधिक काळ रोज घेतली आहे, ती सोडायची असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने, महिनोनमहिने लागले तरी चालतील अशा बेताने सोडावी. आमच्या रुग्णाला सात महिने लागले.

एवढे ऐकूनही आपल्याला मेंदूचे प्रशिक्षण घेऊन पाहावेसे वाटले, तर तो आपला अधिकार आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फक्त पैसे भरण्यापूर्वी तेथे काही गोष्टी स्पष्ट विचारा. माझी तपासणी कोण करणार आहे आणि त्यांची वैद्यकीय अथवा मानसशास्त्रातील अर्हता कोणती? मी घेत असलेल्या औषधांची नोंद आपण घेणार का? झोपेची दैनंदिन नोंद आधी आणि नंतर ठेवली जाईल का? दहा सत्रांनंतर सुधारणा दिसली नाही तर आपण मला थांबायला सांगाल का, आणि उरलेल्या शुल्काचे काय? सीबीटी-आय आपल्याकडे मिळते का? जो मनुष्य या प्रश्नांनी दुखावला जातो किंवा हमखास बरे करण्याची ग्वाही देतो, त्याच्याकडे आगाऊ रक्कम देऊ नये. कर्ज काढून तर कदापि नाही.

रोखपाल गृहस्थ त्या केंद्रात एकूण अकरा सत्रांना गेले. तेथे शांत बसायला बरे वाटते, असे ते म्हणत, आणि मी त्यांना अडविले नाही. पुढे त्यांनी स्वतःच जाणे थांबविले. उरलेल्या सत्रांचे पैसे त्यांना परत मिळाले नाहीत. आजही महिन्यातून दोन-तीन रात्री त्यांची झोप मोडते. अशा रात्री ते उठून स्वयंपाकघरात बसतात आणि दुसऱ्या दिवशीच्या भाजीच्या शेंगा सोलून ठेवतात.

आपल्याला मदत हवी असल्यास जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा शासकीय रुग्णालयात जावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांकडे पाठवणी करून घेता येते. घरबसल्या बोलायचे असल्यास टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य उपलब्ध असून मराठीतही बोलता येते. पहिल्या भेटीला जाताना दोन गोष्टी बरोबर न्याव्यात: घेत असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या, रिकाम्या असल्या तरी, आणि चौदा रात्रींची नोंद. त्यासाठी साध्या वहीत रोज सकाळी पाच गोष्टी लिहाव्यात. अंथरुणावर किती वाजता गेलो, अंदाजे किती वेळाने झोप लागली, किती वेळा जाग आली, शेवटची जाग किती वाजता आली, आणि अंथरूण किती वाजता सोडले. नोंद अंदाजाने करावी. रात्री उठून करू नये.